गुड मॉर्निंग कोणी म्हणायचं

आन्स मुएतच्या वाळूबद्दल बाहेरचे लोक फार बोलतात. शिडाच्या होड्यांतून येतात, नांगर टाकतात, अर्धा दिवस पाण्यात डुंबतात आणि संध्याकाळी गावातल्या दुकानात येऊन सांगतात, की असा पांढरा किनारा आता जगात कुठे उरला नाही. एक घर नाही, रस्ता नाही, माणसाचा हात लागलेला नाही.

हात लागलेला नाही म्हणे! त्या किनाऱ्यावर आमच्या आयांनी प्रवाळ जाळून चुना केला. त्या चुन्याने या बेटावरची निम्मी घरं उभी राहिली. लहानपणी आमचे पाय त्या राखेने घोट्यापासून ढोपरापर्यंत पांढरे असायचे आणि ते धुवायला आम्ही पाण्यात शिरलो की भाकरी करपेपर्यंत बाहेर यायचो नाही. तो किनारा मोकळा राहिला तो देवाच्या कृपेने नव्हे. तो राहिला माझ्या आणि क्लोटिल्डा लेंडोरच्या भांडणामुळे.

डोंगरावरून खाली उतरणारी वाट बरोबर दोन जमिनींच्या मधून जाते. उजवीकडे आम्ही क्वाशी, डावीकडे लेंडोर. दोन्ही जमिनी घराण्याच्या, म्हणजे कुणा एकाच्या नाहीत. थोरल्या माणसाने हो म्हटल्याशिवाय कुणी तिथे खड्डासुद्धा खणत नाही. पूर्वी त्या वाटेने गाढवं जायची. भांडण झाल्यावर मी माझ्या बाजूने काटेरी झुडपं वाढू दिली, तिने तिच्या बाजूने. खालच्या अंगाला मँचिनीलची झाडं माजली. या झाडाखाली पावसात उभं राहिलं तर पानांवरून गळलेल्या पाण्याने अंगावर फोड येतात. ती तोडायला ना ती गेली, ना मी कुणाला पाठवलं. मग बकऱ्यांखेरीज त्या वाटेने कुणीच उतरेना.

भांडण एका झाडाचं. आमच्याकडे मूल जन्मलं की त्याची नाळ पुरतात आणि वर नारळाचं रोप लावतात. ते झाड त्या मुलाचं. माझी आई आणि क्लोटिल्डाची आई जिवाभावाच्या मैत्रिणी. आम्ही दोघी एकाच पावसाळ्यात जन्मलो, म्हणून त्यांनी हौसेने आमच्या नाळा खाली आन्स मुएतवर पुरल्या आणि दोन रोपं शेजारी शेजारी लावली. मी परकर सावरायच्या वयाची झाले तेव्हा जॅनेट वादळ आलं. घरं गेली, माणसं गेली, आणि त्या दोन माडांतला एक गेला. वाळू इतकी इकडची तिकडे झाली की कुठला गेला ते कुणालाच सांगता येईना.

राहिलेला माड माझा आहे. क्लोटिल्डा म्हणायची, तिचा.

पोरी होतो तोवर ही गंमत होती. शहाळं फोडलं की ती म्हणायची, "घे, माझ्या झाडाचं आहे, तुला दान." मी म्हणायची, "चोरून घेतलंस ते घेतलंस, वर मलाच दान?" मग ते कुणाचं हे ठरवायला आम्ही पाण्यात बुडी मारायचो. नाक दाबायचं, खाली बसायचं, जी आधी वर येईल ती हरली. त्या खाडीत लाटेचा आवाज येत नाही, सगळ्या लाटा बाहेर खडकांवर फुटतात. आजी म्हणायची, जुन्या फ्रेंच लोकांच्या बोलीत आन्स म्हणजे खाडी आणि मुएत म्हणजे मुकी. पाण्याखाली डोळे उघडले की समोर क्लोटिल्डाचे गाल फुगलेले दिसायचे आणि मला हसू फुटायचं. म्हणून मी हरायची. दम तिच्यापेक्षा माझाच जास्त होता.

पुढे माझ्या नवऱ्याने, सिप्रियनने, त्याची पहिली होडी बांधली. होडी पाण्यात लोटायची म्हणजे गावाचा सण; बकरा कापतात, मेंढा कापतात, सगळं गाव दोराला लागतं. त्या दिवशी क्लोटिल्डाने माणूस पाठवून त्या माडाचे सगळे नारळ उतरवले आणि टोपल्या भरून होडीपाशी आणल्या. साऱ्या गावासमोर म्हणाली, "माझ्या झाडाचे. माझ्याकडून होडीला भेट."

माझ्याच नारळांची मला भेट. मी गप्प बसले, दिवस सणाचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. क्लोटिल्डा रस्त्याने आली. आता, आमच्याकडे जो येतो त्याने बसलेल्याला आधी गुड मॉर्निंग म्हणायचं असतं. हे तान्ह्या पोरालाही कळतं. गुड मॉर्निंग न म्हणता कुणी विचारलं की माझ्या घराला आग लागली का, तर आम्ही त्यालाही उत्तर देत नाही. क्लोटिल्डा आली आणि सरळ निघून गेली.

ती म्हणायची, मी म्हटलं होतं, हिनेच ऐकलं नाही. मी म्हणते, ऐकू येईल असं म्हटलं असतं तर ऐकलं असतं.

त्या दिवसापासून आम्ही एकमेकींशी बोललो नाही. म्हणजे तोंडावर बोललो नाही. लेकी बोले सुने लागे, तसं रोज चालायचं. तिची कोंबडी माझ्या कुंपणापाशी आली की मी कोंबडीला विचारायची, "काय गं, तुझ्याकडे खायला काही नाही का? मालकीण दुसऱ्याच्या जिवावर दानधर्म करते, आणि तू उपाशी?" ती तिकडून आपल्या कुत्र्याला म्हणायची, "भुंकू नकोस रे. ज्यांच्या नवऱ्याची होडी गळकी असते त्यांचं तोंडही गळकंच असतं." यात आमची तरुणपणं गेली, नवरे गेले, पोरं परदेशी गेली. कोंबड्या तर किती गेल्या!

मग माझा भाचा गार्थ आला. ब्रुकलिनमध्ये वाढलेला, दात पांढरे, बूट पांढरे. मला टँटी म्हणतो. इथे आत्याही टँटी आणि मावशीही टँटी. त्याच्याबरोबर एका हॉटेल कंपनीचा माणूस होता, मिस्टर ट्रेंट. दोघांनी समुद्राकडून किनारा पाहिला होता आणि दोघांची झोप उडाली होती.

"टँटी, फक्त रस्ता हवाय," गार्थ म्हणाला. "रस्ता झाला की हॉटेल होईल. पण जमीन दोन घराण्यांची. उद्या भांडण नको म्हणून कंपनी म्हणते, दोन्ही घरच्या थोरल्या बायकांनी एकमेकींसमोर हो म्हणायचं. बस."

"एकमेकींसमोर?"

"समोरासमोर."

"मग तुझ्या कंपनीला सांग, दुसरं बेट बघ."

तो हसला नाही. माझ्या गुडघ्यांकडे बघत म्हणाला, "शेवटचं कधी गेली होतीस तिथे?"

हे त्याने बरोबर जागी मारलं. गुडघे गेल्यापासून मी ती वाट उतरले नव्हते, आणि होडीत चढणं-उतरणं माझ्याच्याने होत नव्हतं. रात्री अंथरुणावर पडलं की मला ते पाणी आठवायचं. माझी एकच इच्छा राहिली होती. त्या पाण्यात कंबरेपर्यंत उभं राहायचं आणि मग येऊन माझ्या माडाला पाठ टेकून बसायचं. मरायच्या आधी एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

"रस्ता झाला की दर रविवारी मी तुला गाडीतून नेईन," गार्थ म्हणाला. "थेट वाळूपर्यंत."

मी बरं म्हटलं.

त्याने मोठी अक्कल लढवली. एकीच्या घरी दुसरीला बोलावलं तर येणारीला आधी बोलावं लागेल, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून त्याने दोन होड्या केल्या. एकीत मी आणि तो, दुसरीत क्लोटिल्डा आणि मिस्टर ट्रेंट. दोन्ही होड्या एकाच वेळी वाळूला लागल्या. नावाड्यांनी आम्हा दोघींना उचलून आणलं आणि एकाच वेळी त्या माडाखाली दोन खुर्च्यांवर ठेवलं, बाजारात भोपळे ठेवतात तसं. मध्ये टेबल, त्यावर काळा केक आणि रमची बाटली.

गार्थ हात चोळत उभा राहिला. "हं. आता कुणी पाहुणी नाही, कुणी यजमान नाही. बोला!"

इथेच घोडं अडलं. आलेलीने बसलेलीला म्हणायचं, पण आलं कोण आणि बसलं कोण? पोरगा परदेशात वाढला, त्याला वाटलं अडचण गेली. अडचण गेली नव्हती, वाट गेली होती. एक जरी आधी पोचली असती तरी दुसरी कदाचित, कदाचित म्हणते मी, रीत म्हणून दोन शब्द पुटपुटली असती. आता जी बोलेल ती वाकली.

मी समुद्राकडे बघितलं. ती डोंगराकडे बघत होती. इतक्या जवळून पाहिलं, तर म्हातारी झाली होती. हनुवटीवर केस आले होते. मला बरं वाटलं.

मिस्टर ट्रेंटने सावली बघून आपली खुर्ची नेमकी मँचिनीलखाली ओढली. दोघींनीही पाहिलं, दोघींनीही तोंड उघडलं नाही. पाऊस नव्हता हे त्याचं नशीब. मग त्याने रम ओतली आणि गेलेल्या वाडवडिलांसाठी रीतीप्रमाणे जमिनीवर थेंबही न सांडता घटाघट रिचवली. तेव्हा क्लोटिल्डाची नजर एकदा माझ्याकडे आली. मी तिच्याकडे बघणारच होते, पण लगेच समुद्राकडे वळले.

कोरडे महिने होते, गुरं मोकळी सोडलेली. एक काळा बोकड डोंगरातून उतरून थेट केकपाशी आला. गार्थ त्याला हाकलायला धावला.

"असू दे रे," मी बोकडाला म्हणाले. "ये बाबा. तुला तरी रीतभात आहे. काहीजणांना दुसऱ्याच्या झाडाखाली बसायची लाज वाटत नाही."

क्लोटिल्डाने तिकडून त्याच बोकडाला हाक मारली. "बोकडा, ऐकलंस? वादळात ज्यांचं झाड वाहून गेलं त्यांची अक्कलही बरोबर गेली."

"बोकडा, जे झाड वाहून गेलं ते वाकडं होतं. मालकिणीसारखं."

"बोकडा, या माडाला अजून नारळ धरतात. आता तूच सांग, कुणासारखा आहे."

हे मला लागलं. माझ्या कुशीत दोन मुलं गेली होती. ते गावात सगळ्यांना माहीत होतं, तिला सर्वात आधी.

"हा बोकड कुणाचा आहे?" मिस्टर ट्रेंटने गार्थला हळूच विचारलं.

"आत्ता तो दुभाष्या आहे," गार्थ म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

मिस्टर ट्रेंटने मग आपला कागदाचा मोठा नकाशा वाळूवर पसरला आणि कुठे काय येणार ते सांगू लागला. इकडे खोल्या, तिकडे धक्का. या माडाच्या जागी मद्याचं दुकान, छपराला झावळ्या. "आणि आम्ही त्याला तुमच्यापैकी एकीचं नाव देऊ," तो खुशीत म्हणाला. "किंवा दोघींचं!"

"बोकडा," क्लोटिल्डा म्हणाली, "सगळीकडे कुंपण घातल्यावर तू कुठून येणार रे?"

गार्थ घाईने म्हणाला, "गावच्या लोकांना येता येईलच ना! हो ना, मिस्टर ट्रेंट?"

"अर्थातच. ठरावीक दिवशी. आधी कळवलं तर."

हा प्रश्न मी विचारायला हवा होता. घरी गार्थ रविवार रविवार करत होता तेव्हा तो माझ्या मनात आला नाही आणि हिच्या आला, याचा मला संताप आला. तरीही, खरं सांगते, मला ते पाणी हवं होतं. ठरावीक दिवशी तर ठरावीक दिवशी. माझ्यापासून वीस पावलांवर ते होतं, हिरवं, मुकं, तसंच. गार्थ माझ्या कानाशी वाकला. "टँटी, दोन शब्द. फक्त दोन शब्द, आणि तू इथे परत येशील. नाहीतर आज शेवटचं. मी काही तुला पुन्हा उचलून आणणार नाही."

शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी मान वळवली. क्लोटिल्डा माझ्याकडेच बघत होती. ओठ मिटलेले, गाल किंचित फुगलेले. पाण्याखाली असायची तशी. ती वर येणार नव्हती. तिला तिथेच मरण आलं असतं तरी ती आधी वर आली नसती.

मला हसू नाही आलं. मीही ओठ मिटले.

मिस्टर ट्रेंट कंटाळून होडीकडे जाऊन आला. गार्थने वाटेत त्याला गाठून काहीतरी समजावलं असावं, कारण परत आला तो हसरा चेहरा करून, टोपी काढून, अगदी आमच्यासमोर येऊन उभा राहिला.

"गुड मॉर्निंग, लेडीज!"

आणि काय सांगू! आमचं वळणच तसं. आलेल्याने म्हटलं की बसलेल्याने उत्तर द्यायचं. दोघींच्या तोंडून एकदमच निघून गेलं, "गुड मॉर्निंग."

गार्थने उडी मारली. "म्हटलं! दोघींनी म्हटलं! मी ऐकलं!"

"त्याला म्हटलं!" मी ओरडले.

"त्याला म्हटलं!" क्लोटिल्डाही ओरडली, त्याच क्षणी. मग दोघी एकदम बोललो म्हणून दोघींनाही राग आला.

"काय फरक पडतो!" गार्थ जवळजवळ रडायला आला. "झालं ना बोलून! आता नुसतं हो म्हणा. एकमेकींसमोर. बस!"

क्लोटिल्डाने आपला झगा गुडघ्यांवर नीट केला आणि बोकडाकडे वळली. त्याच्या दाढीला केक लागला होता. "बोकडा, या पोराला सांग. समोरासमोर हो म्हणायचं ना? पण माझ्यासमोर तर कुणीच नाही."

मी पाणी बघून घेतलं. माड बघून घेतला, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत.

"बोकडा," मी म्हणाले, "हिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि जन्मात ही खरं बोललेली नाही. पण हे मात्र खरं बोलली. माझ्यासमोरही कुणी नाही."

मिस्टर ट्रेंटने नकाशा गुंडाळला. त्याला काही कळलं नव्हतं, पण संपलं आहे एवढं कळलं. गार्थने रमची बाटली उचलली आणि आम्हा दोघींना इंग्रजीत काय काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उठायचं मात्र कुणी? जी आधी उठेल ती झाड सोडून गेली असं झालं असतं. शेवटी नावाडीच वैतागले. आणलं तसंच एकदम उचलून निघाले. मी माझ्या नावाड्याला म्हणाले, "बाबा, जरा खाली ठेव. पाण्यात उभी राहते." तो म्हणाला, "टँटी, ओहोटी लागली, होडी अडकेल," आणि माझे पाय भिजूही न देता मला फळीवर बसवलं.

होडी सुटली तेव्हा मी मागे पाहिलं. क्लोटिल्डाने आपल्या नावाड्याच्या दंडाला चावा घेतला की काय कोण जाणे, पण त्याने तिला खाली ठेवलं होतं. झग्यासकट ती कंबरभर पाण्यात उभी होती. माझ्या पाण्यात. माझ्याकडे बघत तिने उजवा हात वर केला, नाक दाबलं आणि बुडी मारली.

मी होडीत श्वास रोखला. गार्थ काहीतरी विचारत होता, मी उत्तर दिलं नाही. छाती दुखायला लागली, डोळ्यांपुढे ठिपके नाचायला लागले. तिकडे पाण्यावर नुसता झग्याचा फुगा तरंगत होता.

ती आधी वर आली. हे मी बायबलवर हात ठेवून सांगेन. ती असती तर नाही म्हणाली असती.

ती गेल्या नाताळाच्या आधी गेली. गाव रात्रभर तिच्या घरी जागलं, ढोल वाजले, कॉफी झाली, मासे झाले. माझ्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. मी गेले नाही. आमच्याकडे रात्री कुणाच्या घरी गेलं की उंबऱ्यातच गुड नाइट म्हणावं लागतं. ती आत निजलेली असणार, आणि मी येणारी. मला आधी म्हणावं लागलं असतं.

आता तिची मुलगी मर्ल त्या घरात राहते. गार्थ तिच्याशी फोनवर बोलतो असं ऐकते. तिचा होकार आहे म्हणे. थोरल्यांपैकी हो म्हणायची राहिले ती मीच. रोज सकाळी मर्ल माझ्या कुंपणापाशी येते, नवीन चप्पल घालून, आणि मधात बुडवलेल्या आवाजात म्हणते, "गुड मॉर्निंग, टँटी आयडेलिया!" चांगलं मोठ्याने म्हणते. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नाही.

मी तुरीच्या शेंगा सोलत असते. पायाशी कोंबडी दाणे टिपत असते.

"कोंबडे," मी म्हणते, "हिला सांग, हिच्या आईने म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं."